चेट्टिनाडच्या वाड्यांतले सागवान चेन्नईच्या सदनिकांत

चेन्नई : कोरीव दरवाजावर काच बसवून केलेले जेवणाचे टेबल, खिडकीच्या जुन्या चौकटीत बसवलेला आरसा, ओसरीतल्या खांबाचा अर्धा तुकडा पायाशी घेतलेला दिवा. चेन्नईतील नव्या सदनिकांमध्ये अशा वस्तू आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. जुन्या वस्तूला तिच्या मूळ उपयोगापेक्षा वेगळे आणि अधिक मोलाचे रूप देण्याच्या या पद्धतीला ‘अपसायकलिंग’ म्हणतात. लाकडाचा भुगा करून त्याच्या फळ्या दाबणे म्हणजे पुनर्चक्रीकरण; येथे मात्र लाकूड अखंड राहते. पर्यावरणपूरक म्हणून या फर्निचरची शिफारस केली जाते आणि ती बऱ्याच अंशी योग्यही आहे. तथापि, हे लाकूड येते कोठून, हा प्रश्न खरेदी करताना क्वचितच विचारला जातो.

त्याचे एक महत्त्वाचे उत्तर चेन्नईच्या दक्षिणेला सुमारे 400 किलोमीटरवर, कारैकुडीच्या परिसरात आहे. शिवगंगा आणि पुदुकोट्टै जिल्ह्यांत पसरलेला हा चेट्टिनाड प्रदेश नाट्टुकोट्टै चेट्टियार या सावकारी-व्यापारी समाजाचा. ब्रह्मदेश, सिलोन आणि मलाया येथे या समाजाने पतपेढ्या चालवल्या व त्या उत्पन्नातून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून 1940 च्या दशकापर्यंत गावाकडे प्रचंड वाडे उभारले. खांब, तुळया, दरवाजे यांसाठी ब्रह्मदेशचे सागवान समुद्रमार्गे आले. ‘तिण्णै’ म्हणजे आपली ओटी, त्यामागे चौक आणि चौकाभोवती खोल्या, अशी मांडणी असल्याने मराठी पाहुण्याला हे वाडे फारसे परके वाटत नाहीत.

1930 च्या दशकातील महामंदी, 1942 मधील जपानी आक्रमण आणि स्वातंत्र्यानंतर ब्रह्मदेशाने केलेले जमिनींचे राष्ट्रीयीकरण यांमुळे उत्पन्नाचा हा स्रोत आटला. वाडे राहिले, पण त्यांचे वारस पिढ्यांगणिक वाढत गेले आणि शहरांत विखुरले. लग्नकार्यापुरत्या उघडल्या जाणाऱ्या वास्तूचे छत शाकारण्याचा खर्च कोणी करायचा, यावर एकमत होणे कठीण. मग वाडा पाडला जातो आणि त्याचे खांब, दारे, कपाटे, झोपाळे कारैकुडीच्या मुनीश्वरन कोविल रस्त्यावरील जुन्या वस्तूंच्या दुकानांत येतात. तेथून पुढे चेन्नईकडे आणि इतर शहरांकडे जातात. पुण्याच्या पेठांतील वाडे पडताना निघालेल्या कडीपाटांची आणि तुळयांची कथा याहून फार निराळी नाही.

या लाकडाला मागणी का, याचे कारण केवळ हौस नव्हे. नैसर्गिक जंगलात सावकाश वाढलेल्या सागात गाभ्याच्या लाकडाचे प्रमाण मोठे असते आणि वाळवीला दूर ठेवणारी तैलद्रव्ये या गाभ्यातच असतात. लागवडीचा साग अनेकदा वीस-पंचवीस वर्षांतच तोडला जातो. त्यात सालीलगतचे फिके, किडीला लवकर बळी पडणारे लाकूड अधिक निघते. शिवाय शतकभर उन्हापावसाचे चक्र सोसलेले लाकूड नव्याने फारसे वाकत वा पिळवटत नाही. चेन्नईसारख्या दमट किनारपट्टीवर हा गुण मोलाचा ठरतो. भुसा आणि राळ दाबून केलेले पार्टिकल बोर्ड पाण्यात राहिले की फुगते आणि पूर्ववत होत नाही. म्यानमारने 1 एप्रिल 2014 पासून सागाच्या ओंडक्यांची निर्यात बंद केल्यावर जुन्या ब्रह्मी सागाचे महत्त्व आणखी वाढले. कोरड्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बन असतो, आणि लाकूड जळत वा कुजत नाही तोवर तो त्यातच राहतो, हेही खरे.

मात्र येथेच एक पेच आहे. मोडकळीस आलेल्या वाड्याचे लाकूड वाचवणे आणि लाकडाला भाव आहे म्हणून उभा वाडा मोडणे, यांतील सीमारेषा बाजारात दिसत नाही. चेट्टिनाडमधील गावसमूहांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत 2014 मध्ये समावेश झाला. त्या यादीत नाव आल्याने खासगी वाडा पाडण्यास आपोआप बंदी होत नाही.

कायद्याचा संबंध वेगळ्या ठिकाणी येतो. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, 1972 नुसार किमान शंभर वर्षे जुनी कलाकृती, कारागिरीची वस्तू किंवा इमारतीपासून विलग केलेली वस्तू ‘पुरावस्तू’ ठरू शकते. अशा वस्तूंचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. 1920 च्या दशकातील दरवाजे आता एकेक करून ही शंभरी ओलांडत आहेत, हे विक्रेत्यांच्याही नेहमी ध्यानात असते असे नाही. परदेशी स्थायिक नातलगांसाठी जुना संदूक वा दरवाजा पाठवू इच्छिणाऱ्यांनी ती वस्तू पुरावस्तू नसल्याचे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे प्रमाणपत्र आधी मिळवावे. शिसवी फर्निचरची बाब अधिक नाजूक आहे. 2017 पासून शिसवीच्या वर्गातील सर्व वृक्षांचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ कराराच्या नियंत्रणाखाली आहे.

जुन्याच्या नावाने नवे विकणे या बाजारात अशक्य नाही. तेव्हा वस्तू उलटी करून पाहावी. खणाची खालची बाजू, कपाटाची पाठ येथे कोणी फारसे पॉलिश करत नाही. हाताच्या रंध्याच्या किंचित उंचसखल खुणा, खाच पाडून व लाकडी खुंटी मारून केलेले जोड तेथेच दिसतात. सर्व पृष्ठभागांचा रंग सारखाच गडद असेल तर तो बहुधा डबीतला आहे. बारीक छिद्रे आणि त्याखाली ताजे पीठ दिसले तर कीड जिवंत आहे, असे समजावे.

रंगवलेल्या दारांबाबत विशेष दक्षता हवी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपुरते मर्यादित करणारा नियम भारतात नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत शिसे असू शकते. असा रंग कोरडा घासल्यास त्याची धूळ श्वासावाटे शरीरात जाते. लहान मुलांना तिचा धोका सर्वाधिक. रंग ओला करून काढावा, मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवावे आणि टेबलाचा पृष्ठभाग करायचा असल्यास जुना थर तसाच ठेवू नये.

वेताच्या खुर्च्यांचे तंत्र निराळे. लाकूड शाबूत असले तरी बैठकीची वीण काही वर्षांनी सैल पडतेच आणि ती पुन्हा विणणारा कारागीर शोधावा लागतो. हे कौशल्य देशात दृष्टिहीन व्यक्तींना दीर्घकाळ शिकवले गेले आहे. खुर्च्या विणणारा हे पद सरकारी कार्यालयांत त्यांच्यासाठी निश्चित केलेल्या पदांपैकी एक होते. प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्यावर हे काम आटले.

या साऱ्या वस्तू मूळ जागी कशा शोभत होत्या, हे पाहायचे असेल तर चेन्नईच्या दक्षिणेस मुत्तुकाडू येथे 1996 मध्ये खुल्या झालेल्या ‘दक्षिणचित्र’ या संग्रहालयात जावे. पाडल्या जाणाऱ्या वास्तूंचे लाकूडकाम वाचवून तेथे दक्षिणेतील घरे पुन्हा उभी करण्यात आली आहेत आणि त्यांत चेट्टिनाडचेही एक घर आहे. तेथील खांबावर अजून छताचा भार आहे.