अपत्यप्राप्तीचा निर्णय आणि स्त्रीचे वजन

मूल हवे, असे पतिपत्नी ठरवितात तेव्हा घरात प्रथम वयाचा विचार होतो. मग नोकरीचा, जागेचा आणि पैशाचा. वजनाचा विचार बहुधा दिवस गेल्यानंतर सुरू होतो. ‘आता दोन जिवांची आहेस, खात जा,’ हा वडीलधाऱ्या स्त्रियांचा उपदेश त्या वेळचा; आणि ‘फार खाल्लेस तर मूल मोठे होईल, बाळंतपण जड जाईल,’ हा त्याच्या अगदी उलट उपदेशही त्याच वेळचा. दोहोंचा रोख गर्भारपणातील खाण्यावर आहे. महाराष्ट्रात १९९० नंतर झालेल्या संशोधनाने मात्र लक्ष त्याच्या मागे नेले. गर्भारपणात स्त्री काय खाते एवढ्यावरच भागत नाही. ज्या देहाने ती गर्भारपणात प्रवेश करते, तो देहच पुढच्या आहाराचा उपयोग कितपत होणार हे पुष्कळ अंशी ठरवून टाकतो, असे या संशोधनावरून दिसते.

प्रथम मापाविषयी. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो आकडा येतो, त्यावरून कृशता व स्थूलता ठरविण्याची पद्धत आहे. हे गुणोत्तर केतले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात मांडले. ‘बॉडी मास इंडेक्स’ हे आजचे नाव त्याला १९७२ मध्ये ॲन्सेल कीज यांनी दिले. १८.५ च्या खाली कृशता व २५ च्या वर अतिरिक्त वजन, ही जागतिक आरोग्य संघटनेची सर्वसाधारण विभागणी होय. १५२ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीच्या बाबतीत या मर्यादा सुमारे ४३ आणि ५८ किलो येतात. परंतु भारतीयांच्या देहात त्याच निर्देशांकाला चरबीचे प्रमाण अधिक असते. म्हणून २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी एकमताने वरची मर्यादा २३ वर आणली. म्हणजे आपल्या उदाहरणातील स्त्रीसाठी ती ५३ किलोच्या आसपास आली. हा आकडा लोकसमूहाच्या अभ्यासासाठी सोयीचा आहे. एखाद्या व्यक्तीच्या देहात स्नायू किती व मेद किती, हे तो सांगत नाही.

या मर्यादेची सर्वांत बोलकी साक्ष पुण्याच्या अभ्यासात मिळते. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्याजवळील सहा खेड्यांतील विवाहित स्त्रियांची पाहणी केली. तिचे वैशिष्ट्य असे की, ती गर्भारपणापूर्वीच सुरू झाली. स्त्रियांची वजने-मापे आधी घेतलेली होती, आणि दर महिन्याला पाळीची तारीख नोंदविली जात असल्यामुळे गर्भधारणा लवकर कळत असे. दिवस जाण्यापूर्वी या शेतकरी स्त्रियांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो व निर्देशांक सुमारे १८ होता. म्हणजे त्यांतील सर्वसाधारण स्त्रीच कृशतेच्या रेषेखाली होती. त्यांची नवजात मुले सरासरी २.७ किलोची भरली. तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या मुलांची सरासरी ३.५ किलो होती. एवढ्यावर कोणीही ‘मुले किरकोळ’ एवढाच निष्कर्ष काढला असता. मापे अधिक बारकाईने पाहता असे आढळले की, पुण्याच्या मुलांत स्नायू व पोटातील अवयव यांची वाढ विशेष कमी होती. पण खांद्याखालच्या त्वचेतील मेद त्या मानाने फारसा घटलेला नव्हता. वजनाने कृश आणि घडणीने मेदयुक्त अशी ही मुले होत. पुढे प्रौढपणी भारतीयांत मधुमेहाचे प्रमाण का वाढते, या प्रश्नाचा एक धागा येथे जन्माच्याच वेळी सापडतो. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. एकंदर उष्मांक वा प्रथिने यांच्यापेक्षा पालेभाज्या, फळे व दूध किती वेळा खाल्ले जाते, याचा मुलाच्या आकारमानाशी निकटचा संबंध होता.

संबंध दिसणे वेगळे आणि कारण सिद्ध होणे वेगळे. त्यासाठी प्रयोग हवा होता, आणि तो मुंबईत झाला. डॉ. रमेश पोतदार यांच्या पुढाकाराने २००६ ते २०१२ या वर्षांत झोपडपट्ट्यांतील ६,५१३ स्त्रियांना चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दोन गटांत विभागण्यात आले. एका गटाला पालेभाजी, फळे व दूध घातलेला खाऊ रोज मिळे. दुसऱ्या गटाला बटाटा-कांद्यासारख्या सूक्ष्म पोषकद्रव्ये कमी असलेल्या भाज्यांचा. खाऊ घरी पाठविला जात नसे, तो केंद्रावर येऊन समक्ष खायचा असे. घरी नेलेला डबा कोणाच्या पोटात जातो, हे आपल्या कुटुंबव्यवस्थेत सांगावयास नको. महत्त्वाचे म्हणजे, हा क्रम गर्भधारणेपूर्वी सुरू होऊन प्रसूतीपर्यंत चालू राहिला.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष वरवर पाहता निराशाजनक होता. दोन्ही गटांतील मुलांच्या वजनातील सरासरी फरक फक्त २६ ग्रॅम निघाला व तो संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरला नाही. गर्भधारणेपूर्वी निदान ९० दिवस खाऊ खाल्लेल्या स्त्रियांत तो ४८ ग्रॅम होता. परंतु मातेच्या आधीच्या निर्देशांकाप्रमाणे तीन भाग पाडले असता चित्र पालटले. १८.६ पेक्षा कमी निर्देशांकाच्या स्त्रियांत लाभ मुळीच नव्हता. मधल्या भागात तो ३४ ग्रॅम, आणि २१.८ च्या वरच्या भागात ९६ ग्रॅम होता. म्हणजे ज्या स्त्रीला पोषणाची गरज सर्वाधिक, तिच्या मुलापर्यंत ते पोहोचलेच नाही. फार कृश देह मिळालेले पोषण प्रथम स्वतःच्या झिजेकडे वळवीत असावा, हे त्याचे संभाव्य स्पष्टीकरण होय. याखेरीज गर्भारपणातील मधुमेहाचे प्रमाण पालेभाजीच्या गटात ७.३ टक्के, तर दुसऱ्या गटात १२.४ टक्के आढळले. मुलाच्या वजनापेक्षा हाच लाभ अधिक मोठा मानावा लागेल.

गर्भधारणेपूर्वीच्या काळाला एवढे महत्त्व का, याचे एक उत्तर गर्भशास्त्रात आहे. मेंदू व मज्जारज्जू ज्या नलिकेपासून घडतात, ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकल्याचे लक्षात येऊन स्त्री दवाखान्यात पोहोचेपर्यंत ते काम बहुधा उरकलेले असते. फोलिक आम्लाच्या गोळ्या आधीपासून घ्याव्यात, हा सल्ला त्यासाठीच दिला जातो.

कृशतेचा प्रश्न असा आहे. स्थूलतेचा त्याच्या शेजारीच उभा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी १८.७ टक्के कृश, तर २४ टक्के अतिरिक्त वजनाच्या आढळल्या. सिडकोने १९७० पासून वसविलेल्या नव्या मुंबईत ही दोन्ही टोके रेल्वेच्या एकाच मार्गावर भेटतात. एका बाजूस तुर्भे-दिघ्याच्या झोपडवस्त्या आणि कोपरखैरण्याची माथाडी कुटुंबे. दुसऱ्या बाजूस ऐरोली-महाप्याच्या संगणक-कचेऱ्यांत दिवसाचे नऊ-दहा तास बसून काम करणारी आणि तिशी ओलांडल्यावर अपत्याचा विचार करणारी सुशिक्षित स्त्री. तिला दिला जाणारा सल्ला ठरलेला असतो: आधी वजन उतरवा, मग या.

हा सल्ला निराधार नाही. अतिरिक्त वजनामुळे गर्भारपणातील मधुमेह, रक्तदाब, गर्भपात व शस्त्रक्रियेने प्रसूती यांचा संभव वाढतो. बीजकोशाच्या ज्या विकारात पाळी अनियमित होते, त्यात वजन ५ ते १० टक्के घटले तरी बीजमोचन पुष्कळदा पूर्ववत होते. तथापि ‘आधी वजन, मग उपचार’ या क्रमाची परीक्षा नेदरलँड्समध्ये घेतली गेली, तिचा निर्णय विचार करावयास लावणारा आहे. तेथे वंध्यत्वावर उपचार घेऊ इच्छिणाऱ्या, निर्देशांक २९ वा त्याहून अधिक असलेल्या ५७७ स्त्रिया निवडल्या. निम्म्या स्त्रियांना उपचारापूर्वी सहा महिने आहार-व्यायामाचा कार्यक्रम दिला. उरलेल्यांवर उपचार ताबडतोब सुरू केले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पहिल्या गटाचे वजन सरासरी ४.४ किलोने उतरले व उपचाराविना दिवस राहण्याचे प्रमाणही वाढले. परंतु दोन वर्षांत पूर्ण दिवसांचे एकच निरोगी मूल नैसर्गिक प्रसूतीने होण्याचे प्रमाण पहिल्या गटात २७.१ टक्के, तर दुसऱ्या गटात ३५.२ टक्के होते. वजनाने जे मिळविले ते काळाने खाऊन टाकले, असाच त्याचा अर्थ दिसतो. पंचविशीतील स्त्रीला सहा महिने थांबण्यास सांगणे आणि अडतिशीतील स्त्रीला तेच सांगणे, या एकच सल्ल्याच्या दोन आवृत्त्या नव्हेत. वजन उतरविता येते. बीजकोशाचे वय उतरविता येत नाही.

शिवाय या सर्व चर्चेत काट्यावर उभी राहते ती स्त्री एकटीच. पुरुषाच्या स्थूलतेचा त्याच्या शुक्रजंतूंवर अनिष्ट परिणाम होतो, हे ज्ञात असूनही पतीचे वजन विचारण्याची प्रथा पडलेली नाही.

सार्वजनिक व्यवस्थेची घडीही गर्भारपण सुरू झाल्यानंतरचीच आहे. महाराष्ट्राने २०१५ मध्ये आदिवासी भागांसाठी सुरू केलेल्या अमृत आहार योजनेत रोज एक चौरस ताटाची तरतूद झाली, पण ती गर्भवती व स्तनदा मातांसाठी. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस होणारी केंद्राची मोफत तपासणीही गर्भवतींचीच. मुंबईच्या प्रयोगात ज्या स्त्रियांच्या मुलांना पालेभाजीच्या खाऊचा लाभ पोहोचला नाही, त्या अशा योजनांच्या दाराशी येतात तेव्हा ४० किलोच्या आसपासचा देह घेऊन येतात. आणि त्यांचे वजन तोवर कोणी नोंदविलेले नसते.