नाउनचे पाच प्रकार पाठ आहेत, तरी आपण 'सॉफ्टवेअर्स' का लिहितो?

रेझ्युमेत 'गुड नॉलेज ऑफ सॉफ्टवेअर्स'. ऑफिसच्या मेलमध्ये 'थँक्स फॉर युवर फीडबॅक्स'. दुकानाच्या पाटीवर 'ऑल टाइप्स ऑफ फर्निचर्स'. अशी वाक्यं रोज दिसतात आणि तिन्हींत चूक एकच आहे, ती म्हणजे शेवटी चिकटवलेला 'एस'.

हे लिहिणाऱ्यांना नाउन म्हणजे नाम हे माहीत असतं. शाळेत घोकलेले पाच प्रकारही आठवत असतात. मग गडबड कुठे होते? समजून घेऊया.

आधी पाच प्रकारांची उजळणी

- प्रॉपर नाउन (विशेषनाम): एकाच व्यक्तीचं, जागेचं किंवा गोष्टीचं खास नाव. उदा. पुणे, गोदावरी, सचिन.
- कॉमन नाउन (सामान्यनाम): एका जातीच्या सगळ्यांना लागू होणारं नाव. उदा. सिटी, रिव्हर, बॉय.
- कलेक्टिव्ह नाउन (समूहवाचक): गटाचं नाव. उदा. टीम, क्राउड, फॅमिली.
- मटेरियल नाउन (पदार्थवाचक): ज्यापासून वस्तू बनतात तो पदार्थ. उदा. गोल्ड, मिल्क, कॉटन.
- ॲबस्ट्रॅक्ट नाउन (भाववाचक): हाताला न लागणारा गुण, भाव किंवा कल्पना. उदा. ऑनेस्टी, ॲंगर, आयडिया.

यातल्या पहिल्या प्रकारात आपण एक छोटी चूक हमखास करतो. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नसतात, त्यामुळे ती सवय आपल्या हाताला नाही. इंग्रजीत वार, महिने आणि भाषांची नावंही प्रॉपर नाउन आहेत. म्हणून मंडे, मार्च, मराठी यांचं पहिलं अक्षर वाक्याच्या मध्ये आलं तरी कॅपिटलच हवं. समर, विंटर या ऋतूंना मात्र ते लागत नाही.

खरी मेख: मोजता येतं का?

हे पाच प्रकार ओळखून परीक्षेत मार्क मिळतात. पण वाक्य लिहिताना दुसरी विभागणी जास्त कामाला येते: काउंटेबल म्हणजे मोजता येणारं नाम आणि अनकाउंटेबल म्हणजे न मोजता येणारं नाम.

नाम अनकाउंटेबल असेल तर तीन गोष्टी ठरतात. त्याला अनेकवचनाचा 'एस' लागत नाही, आधी 'अ' किंवा 'ॲन' येत नाही आणि 'मेनी'ऐवजी 'मच' वापरावं लागतं. काउंटेबल नाम एकवचनी असेल तर उलट असतं. ते सहसा एकटं राहत नाही. म्हणून 'आय ॲम इंजिनिअर' हे अपुरं आहे, 'आय ॲम ॲन इंजिनिअर' हवं.

आता वाटेल, मोजायचं तर सोपं आहे. पण मराठीत जे मोजतो ते इंग्रजीत मोजतातच असं नाही.

मराठीचा कान इथे फसतो

- आपण म्हणतो 'पैसे संपले'. इंग्रजीत मात्र 'मनी इज'. मोजले जातात ते रुपये, डॉलर आणि नोटा.
- आपले 'केस गळतात', अनेकवचनात. डोक्यावरच्या सगळ्या केसांना मिळून इंग्रजीत 'हेअर इज'.
- 'तांदूळ महाग झाले', पण 'राइस इज'.
- 'सल्ले' आणि 'बातम्या' आपण सहज म्हणतो. ॲडव्हाइस आणि न्यूज मात्र अनकाउंटेबल आहेत. न्यूजच्या शेवटी 'एस' दिसतो, तरी 'द न्यूज इज गुड' असंच म्हणायचं.

उलटही घडतं. कात्री आणि चष्मा मराठीत एकवचनी आहेत. इंग्रजीत दोन पाती आणि दोन काचा धरून 'सिझर्स आर', 'ग्लासेस आर'.

कधी कधी मराठी मदतही करते. 'माहित्या' असं कुणी म्हणत नाही, तसं 'इन्फॉर्मेशन्स'ही म्हणायचं नाही.

फर्निचर का मोजत नाहीत?

खुर्ची आणि टेबल मोजता येतात, मग फर्निचर का नाही? कारण हा शब्द एका वस्तूचं नाव नाही, सगळ्या वस्तूंना मिळून एक नाव आहे. आपला 'सामान' शब्द असाच आहे. आपण 'तीन सामान' म्हणत नाही, 'तीन बॅगा' म्हणतो. लगेज, इक्विपमेंट आणि सॉफ्टवेअर याच गटातले. मोजायचंच असेल तर पुढे एकक जोडा: 'अ पीस ऑफ फर्निचर', 'टू पीसेस ऑफ ॲडव्हाइस'. सॉफ्टवेअरसाठी 'सॉफ्टवेअर टूल्स' किंवा 'प्रोग्रॅम्स' लिहा.

एकच शब्द, दोन अर्थ

काही शब्द दोन्हीकडे बसतात. पेपर म्हणजे कागद असेल तर अनकाउंटेबल. वर्तमानपत्र किंवा प्रश्नपत्रिका असेल तर 'अ पेपर', 'टू पेपर्स'. जेवणात एक केस सापडला तर तो 'अ हेअर'. नोकरीतला अनुभव सांगताना 'थ्री इयर्स ऑफ एक्सपिरियन्स' लिहा, कारण तिथे तो अनकाउंटेबल आहे. 'एक्सपिरियन्सेस' म्हणजे आयुष्यात आलेले वेगवेगळे अनुभव.

समूहवाचक नामांतही असा खेळ आहे. अमेरिकी इंग्रजीत सहसा 'द टीम इज' लिहितात. ब्रिटिश इंग्रजीत खेळाडू डोळ्यासमोर असतील तर 'द टीम आर'सुद्धा चालतं. पोलीस मात्र नेहमी अनेकवचनी: 'द पोलीस आर'.

लक्षात कसं ठेवायचं?

शंका आली की केंब्रिजची ऑनलाइन डिक्शनरी उघडा. तिथे नामाच्या अर्थाशेजारी 'सी' किंवा 'यू' हे अक्षर दिसतं. 'सी' म्हणजे काउंटेबल, 'यू' म्हणजे अनकाउंटेबल.

रेझ्युमे किंवा मेल पाठवण्याआधी हे आठ शब्द शोधून बघा: सॉफ्टवेअर, फीडबॅक, इन्फॉर्मेशन, ॲडव्हाइस, नॉलेज, इक्विपमेंट, फर्निचर, होमवर्क. यांच्यापैकी कुणाच्याही शेवटी 'एस' दिसला तर बिनधास्त खोडा.