शंभराला शंभर

पहाटे 3.45
गडचिरोली जिल्ह्यात वडशाहून कुरखेड्याच्या वाटेवर, जंगलाला खेटून असलेलं एक गाव. मे महिना, तेंदूचा हंगाम. बाईने रात्रीचा भात आणि आंब्याचं लोणचं डब्यात भरलंय. सोबत नवरा, बारावीची परीक्षा दिलेली मुलगी, पाण्याच्या बाटल्या, पानं बांधायला जुनं लुगडं. टॉर्चचे सेल कालच आणलेत, चाळीस रुपये.

एकटं कुणी निघत नाही. 2022 च्या ऑक्टोबरात सीटी-1 नावाचा वाघ वडशाच्या जंगलात बेशुद्ध करून पकडला, तोवर त्याच्या नावावर 13 माणसं होती. तो गेला, जंगलात दुसरे आहेत. आठ-दहा घरं मिळून जातात, मधूनमधून हाका देतात.

5.30
छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्येच झालेली. आता कमरेइतकी झुडपं फुटलीत. म्हणजे पाच तास वाकूनच. कोवळं पान वाळताना मोडतं, जून पान विडीला चालत नाही, फोड आलेलं कुणी घेत नाही. बाई बघतही नाही, बोटांनाच कळतं.

10.30
परतीला डोक्यावर गाठोडं. ऊन चढलंय.

11.00
खरं काम आता, मांडवाखाली. पस्तीस पानं एका बाजूने, पस्तीस त्यांच्यासमोर तोंड करून. सत्तरची एक पुडी. सालीचे वाक आदल्या दिवशीच भिजत घातलेले. एक फेरा, गाठ, पुडी बाजूला. मोजताना बाईचे ओठ हलतात. मी काहीतरी विचारलं तर मुलीने हातानेच थांबवलं. आकडा चुकला की पहिल्यापासून मोजावं लागतं.

तिघांच्या दिवसभरात दोनशे पुड्या होतात. म्हणजे चौदा हजार पानं.

4.30
फळी. गावाबाहेरचं साफ केलेलं मैदान, पुड्यांच्या ओळी उन्हात वाळताहेत. दोघं उलटाई-पलटाई करताहेत. फळीमुन्शी गावातलाच पोरगा, बी.ए. झालेला. हातात वही, बाईच्या हातात कार्ड.

बाई पुड्या मांडते, पाच-पाच. मुन्शी मोठ्याने मोजतो. मागे रांगेतल्या बायकाही मोजतात.

पूर्वी ठेकेदाराचा मुन्शी शंभरामागे चार-पाच पुड्या वरच्या घ्यायचा. खराब निघतील म्हणून. त्याला चोरी कुणी म्हणत नसे, रीत म्हणत. शेकड्याला चारशे रुपये धरले तर पाच पुड्यांचे वीस रुपये. दोनशे पुड्यांमागे चाळीस. रोजचे टॉर्चचे सेल. एका बाईचं हे एवढंच, पण अख्ख्या फळीचं, अख्ख्या हंगामाचं धरा.

आज एक पुडी मुन्शीने उचलून बाजूला ठेवली.
"काकू, हे पुडी सैल हाय."
"खोल अना मोज ना बाबू."
त्याने खोलली. मोजली. सत्तर भरली. तिथेच पुन्हा बांधली. मागच्या म्हातारीने त्याला काहीतरी सुनावलं आणि सगळ्या हसल्या. पाच मिनिटं गेली. रांग लांबली, पण कुणी कुरकुर केली नाही.

कार्डावर 200. वहीत 200. बाईला वाचता येत नाही, मुलगी दोन्हीकडे बघते.

6.30
ही वही गावाकडे सहज आलेली नाही. तेंदूचा व्यापार 1969 च्या कायद्याने सरकारच्या हातात गेला. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा 1996 चा, त्याचे महाराष्ट्रातले नियम 2014 चे. त्यानंतर ग्रामसभांना स्वतः पानं गोळा करून विकायची वाट मोकळी झाली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क 2009 मध्येच मिळाला होता, पण बांबूच्या वाहतूक पासांचं पुस्तक गावाच्या हातात पडायला 27 एप्रिल 2011 उजाडलं. हक्क कागदावर होता, पासबुक वनखात्याच्या कपाटात.

8.00
शाळेच्या पटांगणात ग्रामसभा. एक बल्ब, खूप किडे. सचिव आजचा हिशेब वाचतो: घरागणिक पुड्या, मुन्शीची मजुरी, पलटाईची मजुरी, बोदभराईसाठी, म्हणजे वाळलेल्या पुड्या पोत्यांत भरायला, सुतळी.

"सुतळीचं बिल कुठी हाय?" मागून एक बाई.
बिल वडशाच्या दुकानात राहिलं. सचिव म्हणतो, उद्या आणतो. बाई म्हणते, मग पैसेही उद्याच लिही. तो आकडा खोडतो.

गावाच्या हाती आलं म्हणून सगळं स्वच्छ झालं, असं मी म्हणणार नाही. पानांच्या विक्रीतून आलेले रॉयल्टीचे पैसे कुठे गेले यावरून भांडणं झालेली गावं याच जिल्ह्यात आहेत. खाणारा गावातलाही असतो. फरक एवढाच, त्याचं घर सगळ्यांना माहीत असतं आणि त्याला उद्या याच पटांगणात येऊन बसावं लागतं.

भाव मात्र गावाच्या हातात नाही. 2017 च्या जुलैत तेंदूपानावर 18 टक्के जीएसटी लागला, पानं विकत घेणाऱ्या ठेकेदारांनी तो भावातून वळता केला. त्याचा जाब विचारायला पटांगणात कुणी सापडलं नाही.

9.15
शेवटचा विषय ठेकेदाराचा. निम्मी रक्कम आलीय, निम्मी बाकी. मागे एकदा माल गेला आणि पैसे दोन वर्षं आलेच नाहीत. म्हणून यंदाचा ठराव एका ओळीचा आहे: पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय एकही बोद ट्रकमध्ये चढणार नाही. सह्या आणि अंगठे झाले. बाईने अंगठा दिला, मुलीने खाली नाव लिहिलं.