जमीन वाटली नाही, हक्क मान्य केला

काजवे पाहायला भंडारदऱ्याला आलेल्या पाहुण्यांच्या तोंडून मी अनेकदा ऐकलं आहे, "सरकारने आदिवासींना जंगलाच्या जमिनी फुकट वाटल्या." बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण या समजाची झळ घाटघर, साम्रद, रतनवाडीकडच्या महादेव कोळी आणि ठाकर घरांना बसते.

२००६ चा वनहक्क कायदा नवी जमीन देतच नाही. इंग्रजांच्या काळात जंगलं राखीव ठरली, तेव्हा उतारावर नागली-वरई पिकवणाऱ्यांचे हक्क नीट नोंदवले गेले नाहीत. आजोबांचं शेत कसणारा नातू कागदावर अतिक्रमणदार ठरला. म्हणून कायद्याच्या प्रस्तावनेतच 'ऐतिहासिक अन्याय' हे शब्द आले आहेत. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जी जमीन प्रत्यक्ष ताब्यात आहे, तेवढीच मान्य होते, तीही जास्तीत जास्त ४ हेक्टर. ती वारसांना जाते, विकता मात्र येत नाही. आणि नवरा-बायको असतील तर पट्टा दोघांच्या नावे निघतो. आवणीला दिवसभर वाकणाऱ्या बाईचं नाव जमिनीच्या कागदावर येणं ही मला या कायद्यातली फार मोठी गोष्ट वाटते.

इथला सगळ्यात हट्टी गैरसमज अभयारण्याचा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं, म्हणून आत हक्क चालत नाहीत असं सांगितलं जातं. कायदा नेमका उलट बोलतो. अभयारण्यातही वनहक्क लागू आहेत, आणि दाव्यांची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणाला उठवता येत नाही. पुढे स्थलांतर करायचं म्हटलं तरी ग्रामसभेची लेखी संमती लागते.

जंगल संपेल, ही भीतीही बोलून दाखवली जाते. कायद्यात वैयक्तिक पट्ट्याइतकाच सामूहिक हक्क महत्त्वाचा आहे. हिरड्यासारख्या गौण वनोपजावर मालकी आणि जंगल राखण्याची जबाबदारी, दोन्ही गावाकडे येतात. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये असा हक्क मिळाला.

खैरात म्हणणाऱ्यांनी एकदा भंडारदरा धरणाच्या भिंतीवर उभं राहावं. १९२६ मध्ये पुरं झालेलं हे धरण सुमारे ११ टीएमसी पाणी अडवतं, आणि ते प्रवरेच्या खालच्या पट्ट्यातला ऊस भिजवतं. त्या पाण्याला कुणी खैरात म्हणत नाही. ज्या दरीत ते साठतं, तिथल्या माणसाने स्वतःच्या शेताचा कागद मागितला की तो उपकार कसा होतो?

"जुना कागद नाही, मग दावा कशाला?" असं गावातही म्हणतात. नियमांनुसार ज्येष्ठांचा लेखी जबाब पुरावा धरला जातो. जमिनीवरचे जुने बांध, विहीर, दफनभूमी, देवस्थान यांचाही आधार घेता येतो. दाव्याची सुरुवात ग्रामसभेत, वनहक्क समितीपुढे होते.

दावा फेटाळला म्हणजे लगेच घर सोडायचं, असंही नाही. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दावेदारांना हटवण्याचा आदेश दिला होता. २८ फेब्रुवारीला त्यालाच स्थगिती देऊन, दावे फेटाळताना कोणती प्रक्रिया पाळली, याचा तपशील राज्यांकडून मागवला. उपविभागीय समितीचा निर्णय मान्य नसेल तर ६० दिवसांत जिल्हा समितीकडे जाता येतं. त्यासाठी तोंडी नकारावर परत फिरू नये. कारणांसह लेखी आदेश मागून घ्यावा.