तीस बाइटांत न मावणारे कुमार गंधर्व

उज्जैनपासून देवास ३५-४० किलोमीटरांवर आहे. क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व १९४८ साली तेथे राहावयास आले आणि १९९२ मधील निधनापर्यंत तेथेच राहिले. शिंद्यांच्या काळापासून माळव्यात स्थिरावलेल्या उज्जैनच्या मराठी घरांत त्यांच्या गाण्याविषयी शेजाराची आपुलकी असणे स्वाभाविकच. अशा घरी जुन्या कॅसेटींचे खोके निघते, मुले त्या संगणकावर उतरवून घेतात आणि मग खरी अडचण सुरू होते. गाणे संगणकात असते, फोनमध्ये असते, गाडीच्या पेन ड्राइव्हमध्येही असते. पण हवे तेव्हा एकाही ठिकाणी सापडत नाही. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर किंवा अभिषेकीबुवांचे ध्वनिमुद्रण जपणाऱ्या गोमंतकीय घरांचा अनुभव याहून वेगळा नसावा.

दोष बहुधा नावांचा असतो. एमपी३ फाइलला आपण संगणकावर दिलेले नाव वेगळे आणि फाइलच्या पोटात दडलेली माहिती वेगळी. या माहितीला ‘टॅग’ म्हणतात. फोनमधील बहुतेक वादक अ‍ॅप फाइलचे नाव पाहतच नाहीत, टॅग वाचतात. टॅगची पहिली पद्धत १९९६ मधली. तीत फाइलच्या शेवटी एकूण १२८ बाइट राखलेले असतात, त्यांपैकी गायकाच्या नावासाठी तीस. रोमन लिपीचे एक अक्षर एका बाइटात बसते. देवनागरीत मात्र, आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीनुसार, प्रत्येक अक्षरचिन्हास तीन बाइट लागतात. काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडणे हे सारे वेगळे मोजले जाते. ‘कुमार गंधर्व’ या नावाची अकरा चिन्हे आणि मधली एक मोकळी जागा मिळून चौतीस बाइट होतात. म्हणजे नाव शेवटी तुटणार. शिवाय ती जुनी पद्धत देवनागरीसाठी नव्हतीच. म्हणून जुन्या यंत्रांवर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. १९९८ पासूनच्या दुसऱ्या आवृत्तीने ही मर्यादा काढली, तरी काही यंत्रे आजही जुनाच टॅग वाचतात.

रोमन लिपी हा उपाय म्हणावा, तर बागेश्री एकीकडे आखूड ‘आय’ने संपतो आणि दुसरीकडे दोन ‘ई’ने. यंत्राच्या लेखी ते दोन राग. ‘पंडित’ लावले की एकाच गवयाचे दोन गवई होतात. मुळात ही चौकट पाश्चात्त्य गाण्यासाठी आखलेली: गायक, अल्बम, गीत. राग, ताल, लय आणि मैफलीचे गाव यांना तीत घरच नाही.

गीतयादीचे दुखणे साधे आहे. यादीत गाणी नसतात, त्यांचे पत्ते असतात. संगणकावरचा ‘डी’ ड्राइव्हचा पत्ता फोनला कळत नाही आणि यादी रिकामी दिसते. गाडीतला पेन ड्राइव्ह ‘१’ नंतर ‘२’ ऐवजी ‘१०’ वाजवतो, कारण तो अंक न पाहता अक्षरे पाहतो. ‘०१’, ‘०२’ असे लिहिले की प्रश्न मिटतो.

खरा धोका आहे तो आपोआप साफसफाई करणाऱ्या अ‍ॅपचा. एकाच गायकाचा भीमपलास तीन वेळा दिसला की त्यांपैकी काही अ‍ॅप केवळ नावावरून दोन ‘जादा प्रती’ पुसण्याचा सल्ला देतात. चित्रपटगीतांबाबत ते खपून जाईल. येथे मात्र त्या तीन वेगवेगळ्या मैफली असतात, आणि पुसलेली मैफल बाजारात विकत मिळत नाही. सशुल्क ऐकण्याच्या सेवांवर विसंबणे हाही उपाय नव्हे. वर्गणी थांबली की उतरवलेली गाणी बंद होतात, आणि खासगी बैठकीचे ध्वनिमुद्रण तेथे बहुधा नसतेच.

म्हणून एकच मूळ संग्रह ठेवावा, एका हार्ड डिस्कवर, आणि त्याची दुसरी प्रत दुसऱ्या घरी. फोन व गाडीतल्या केवळ प्रती समजाव्यात. दुरुस्ती मूळ संग्रहातच करावी. कॅसेट उतरवताना ती न दाबलेल्या स्वरूपात घ्यावी. ९० मिनिटांना साडेनऊशे एमबीच्या आसपास जागा लागते, जी आज महाग नाही. फोनसाठी त्यातून लहान एमपी३ करता येते. उलट मार्ग नाही, कारण गेलेला तपशील परत येत नाही. नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. ऑडिओ म्हणून पाठवल्यास अँड्रॉइड फोनवर रागाचे नाव जाऊन तारीख आणि क्रमांक तेवढा उरतो.

आणि कॅसेटच्या कागदी कव्हराचा फोटो काढून फाइलला मुखचित्र म्हणून जोडावा. साथीला तबल्यावर कोण होते, बैठक कोणत्या गावी झाली, हे बहुतेक वेळा तेथेच, वडिलांच्या किंवा आजोबांच्या हस्ताक्षरात लिहिलेले असते.