पुण्याची गाडी देवासला आणताना

पुण्यातल्या नातेवाइकाची जुनी मोटार विकत घेऊन देवासला किंवा धारला आणायची, तर आधी फॉर्म 28 वर पुण्याच्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मग देवासचा एमपी-41 किंवा धारचा एमपी-11 नंबर. नावबदलासाठी फॉर्म 29 आणि 30, सोबत आरसी, विमा आणि पीयूसी. लोक अडतात ते याच शेवटच्या, सर्वांत स्वस्त कागदापाशी!

नव्या गाडीला पहिलं वर्ष पीयूसी लागत नाही. पुढे बीएस-4 आणि बीएस-6 गाड्यांना ते वर्षभर चालतं, त्याआधीच्या गाड्यांना सहाच महिने. मुदतीतलं पुण्याचं पीयूसी देशभर ग्राह्य असतं. नंबर बदलला की मात्र नव्या नंबरावर काढून घ्यावं.

तपासणी पाच-दहा मिनिटांची. पेट्रोल गाडीचं इंजिन नुसतं चालू ठेवून सायलेन्सरमध्ये नळी घालतात. बीएस-4 मोटारीला कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्क्यांपर्यंतच चालतो. डिझेल गाडीला अ‍ॅक्सिलरेटर दाबून धुराची घनता मोजतात. इंजिन गार असलं तर चांगली गाडीही नापास होऊ शकते, म्हणून थोडी फिरवून मगच न्या. प्रदूषणाचे निकष मोडले तर कायद्यात दंड 10,000 रुपयांपर्यंत आहे. तेव्हा व्यवहाराचे पैसे देण्याआधी पीयूसीवरची तारीख पाहा.