सीमावर्ती विद्यार्थी व कम्युनिटी कॉलेजचे शिक्षणशुल्क (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कम्युनिटी कॉलेजांत विद्यार्थ्याने किती शिक्षणशुल्क भरावे, हे प्रामुख्याने त्याच्या कायदेशीर निवासावरून ठरते. कॉलेज ज्या राज्यात आहे, त्या राज्याच्या रहिवाशाला सवलतीचा दर लागू होतो, तर परराज्यातील विद्यार्थ्याला त्याहून बराच जास्त दर भरावा लागतो. राज्याच्या सीमेलगत राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत या नियमातून पेच निर्माण होतो. घरापासून सर्वांत जवळचे कॉलेज सीमेपलीकडे असले, तर तेच सर्वांत महाग ठरू शकते. हा पेच सोडवण्यासाठी अनेक राज्यांनी विशेष कायदे, परस्पर करार व प्रादेशिक योजना केल्या आहेत.

पार्श्वभूमी

कम्युनिटी कॉलेज ही दोन वर्षांचे शिक्षण देणारी सार्वजनिक संस्था होय. इलिनॉय राज्यात १९०१ साली सुरू झालेले जोलिएट ज्युनिअर कॉलेज हे या प्रकारचे सर्वांत जुने सार्वजनिक कॉलेज मानले जाते. राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाच्या १९४७ च्या अहवालानंतर ‘कम्युनिटी कॉलेज’ ही संज्ञा रूढ झाली. असोसिएट पदवी, व्यावसायिक प्रमाणपत्रे, तसेच पुढे विद्यापीठात प्रवेश घेण्यापूर्वीचे पहिले दोन वर्षांचे शिक्षण या कॉलेजांत मिळते. बहुसंख्य विद्यार्थी घरी राहून, अनेकदा नोकरी सांभाळून शिकतात. त्यामुळे कॉलेज घराजवळ असणे ही त्यांच्यासाठी गरज असते.

या कॉलेजांचे उत्पन्न साधारणपणे तीन मार्गांनी येते: राज्य शासनाचे अनुदान, स्थानिक कर (विशेषतः मालमत्ता कर) आणि विद्यार्थ्यांचे शुल्क. ज्या भागातील नागरिक कर भरून कॉलेज चालवतात, त्यांच्या मुलांना कमी शुल्क असावे आणि इतरांनी खर्चाचा मोठा वाटा स्वतः उचलावा, हे निवासावर आधारित शुल्कामागील तत्त्व आहे. घर आणि कॉलेज यांतील अंतराला या तत्त्वात स्थान नाही. सीमावर्ती विद्यार्थ्यांच्या अडचणीचे मूळ येथेच आहे.

शुल्काचे स्तर

जेथे कॉलेजसाठी स्वतंत्र करक्षेत्र असते, तेथे सहसा तीन दर आढळतात:

१. कॉलेजच्या करक्षेत्रातील रहिवासी (सर्वांत कमी दर)
२. त्याच राज्यातील, परंतु करक्षेत्राबाहेरील रहिवासी (मधला दर)
३. परराज्यातील व परदेशी विद्यार्थी (सर्वांत जास्त दर)

सर्व राज्यांत हीच रचना नाही. कॅलिफोर्नियात राज्याच्या रहिवाशांना २०१२ पासून श्रेयांकामागे ४६ डॉलर असे समान शुल्क आहे. परराज्यातील विद्यार्थ्याला त्याशिवाय वेगळे अरहिवासी शुल्क भरावे लागते. न्यूयॉर्क राज्यात विद्यार्थ्याला आपल्या काउंटीकडून निवासाचे प्रमाणपत्र आणावे लागते. दुसऱ्या काउंटीतील विद्यार्थ्याने ते सादर केल्यास त्याच्या काउंटीकडून कॉलेजला खर्चाचा वाटा मिळतो. प्रमाणपत्र मुदतीत दिले नाही, तर राज्याचा रहिवासी असूनही त्याला दुप्पट दर भरावा लागू शकतो.

दरांमधील फरकाचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एका कॉलेजात रहिवाशाला श्रेयांकामागे १०० डॉलर व परराज्यातील विद्यार्थ्याला ३०० डॉलर दर आहे असे समजू. असोसिएट पदवीसाठी साधारणपणे ६० श्रेयांक लागतात. म्हणजे पहिल्याला ६,००० डॉलर, तर दुसऱ्याला त्याच वर्गात बसून १८,००० डॉलर खर्च येईल. दोघांच्या घरांमध्ये केवळ एका रस्त्याचे अंतर असले, तरी हा फरक कायम राहतो.

निवासाची निश्चिती

शुल्कासाठी केवळ राज्यात पत्ता असणे पुरेसे नसते. विद्यार्थ्याचा तेथे ‘अधिवास’ असावा लागतो. अधिवास म्हणजे प्रत्यक्ष वास्तव्य आणि तेथेच कायम राहण्याचा हेतू या दोन्हींचा संयोग. अनेक राज्यांत किमान १२ महिन्यांच्या वास्तव्याची अट आहे. हेतूचा पुरावा म्हणून वाहनचालक परवाना, मतदार नोंदणी, राज्याचे प्राप्तिकर विवरणपत्र, भाडेकरार इत्यादी कागदपत्रे पाहिली जातात. केवळ शिक्षणासाठी राज्यात आलेल्या व्यक्तीचा काळ सहसा अधिवासासाठी धरला जात नाही. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याचा अधिवास सामान्यतः त्यांच्या अधिवासावरून ठरतो. महाराष्ट्रातील अधिवास प्रमाणपत्रासाठी सर्वसाधारणपणे १५ वर्षांचे वास्तव्य लागते, हे लक्षात घेता अमेरिकेतील मुदत अल्प आहे. मात्र तेथे हेतू सिद्ध करण्यावर अधिक भर असतो.

न्यायालयीन निर्णय

परराज्यातील विद्यार्थ्यांकडून अधिक शुल्क घेणे घटनाबाह्य नाही, ही भूमिका अमेरिकेतील न्यायालयांनी कायम ठेवली आहे. ‘स्टार्न्स विरुद्ध माल्करसन’ या खटल्यात मिनेसोटातील एक वर्षाच्या वास्तव्याची अट वैध ठरली व १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला.

या अधिकाराची मर्यादा ‘व्लांडिस विरुद्ध क्लाइन’ (१९७३) या निकालाने आखून दिली. कनेक्टिकट राज्याच्या कायद्यानुसार प्रवेशाच्या वेळी अरहिवासी ठरलेला विद्यार्थी संपूर्ण शिक्षण संपेपर्यंत अरहिवासीच राहत असे. आपण आता खरोखर राज्याचे रहिवासी आहोत, हे सिद्ध करण्याची संधीच त्याला मिळत नसे. सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा रद्दबातल ठरवला. राज्याला आपल्या रहिवाशांना सवलत देता येते, परंतु निवास सिद्ध करण्याची वाट बंद करता येत नाही, असा या निकालाचा आशय आहे.

सीमावर्ती सवलती

सीमावर्ती सवलतींत राज्य किंवा कॉलेज सीमेलगतच्या निवडक भागांतील विद्यार्थ्यांना कमी दर देते. काही प्रमुख उदाहरणे पुढीलप्रमाणे:

वॉशिंग्टन व ऑरेगन: कोलंबिया नदीच्या उत्तर तीरावरील व्हँकूव्हर शहरात (वॉशिंग्टन राज्य) क्लार्क कॉलेज आहे, तर दक्षिण तीरावर ऑरेगनमधील पोर्टलँड आहे. वॉशिंग्टनच्या कायद्यात ऑरेगनच्या ठरावीक सीमावर्ती काउंटींत किमान ९० दिवस अधिवास असलेल्या विद्यार्थ्यांना सीमेजवळील कम्युनिटी कॉलेजांत रहिवासी दर देण्याची तरतूद आहे. दुसऱ्या बाजूला पोर्टलँड कम्युनिटी कॉलेज शेजारच्या राज्यांतील रहिवाशांनाही राज्यांतर्गत दर लावते.

टेक्सास: टेक्सारकाना या जुळ्या शहरांच्या मधून टेक्सास व अर्कान्सा यांची सीमा जाते. टेक्सासच्या शिक्षणविषयक कायद्यात न्यू मेक्सिको, ओक्लाहोमा, अर्कान्सा व लुइझियाना या शेजारी राज्यांतील विद्यार्थ्यांसाठी सीमेलगतच्या सार्वजनिक कॉलेजांत कमी शुल्काची तरतूद आहे. शेजारी राज्यानेही टेक्सासच्या विद्यार्थ्यांना तशीच सवलत द्यावी, हे तिच्यामागील परस्परतेचे तत्त्व आहे.

कॅन्सस सिटी परिसर: हा महानगर परिसर कॅन्सस व मिसूरी या दोन राज्यांत विभागलेला आहे. कॅन्ससमधील जॉन्सन काउंटी कम्युनिटी कॉलेजने मिसूरीच्या ठरावीक टपाल क्षेत्रांतील रहिवाशांसाठी ‘मेट्रो’ दर ठेवला आहे. तो स्थानिक दरापेक्षा जास्त, परंतु परराज्याच्या दरापेक्षा कमी असतो.

प्रादेशिक करार

परस्पर करार दोन राज्यांमध्ये होतात. मिनेसोटाने विस्कॉन्सिन, नॉर्थ डकोटा व साउथ डकोटा या शेजाऱ्यांशी असे करार केले आहेत. अनेक राज्यांच्या संयुक्त योजनाही आहेत. पश्चिमेकडील राज्यांच्या ‘वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्सचेंज’मध्ये सहभागी संस्थांना रहिवासी दराच्या १५० टक्क्यांपेक्षा जास्त शुल्क घेता येत नाही. वरील काल्पनिक उदाहरणात ही मर्यादा लावल्यास १८,००० डॉलरऐवजी ९,००० डॉलर खर्च येईल. मध्य-पश्चिमेकडील राज्यांच्या विद्यार्थी विनिमय योजनेत सार्वजनिक संस्थांसाठी हीच कमाल मर्यादा आहे. ईशान्येकडील न्यू इंग्लंड प्रदेशातील योजनेत आपल्या राज्यात उपलब्ध नसलेल्या अभ्यासक्रमांसाठी सवलत मिळते.

या योजना सर्वत्र आपोआप लागू होत नाहीत. संस्थेचा व अभ्यासक्रमाचा सहभाग पाहावा लागतो. अनेक ठिकाणी विद्यार्थ्याने मुदतीत स्वतंत्र अर्ज करणे आवश्यक असते.

निवासाला पर्यायी निकष

काही गटांसाठी नेहमीच्या निवासाच्या अटी शिथिल केल्या आहेत. सैन्यात सक्रिय सेवेवर असलेल्या व्यक्तींना व त्यांच्या कुटुंबीयांना त्यांच्या नेमणुकीच्या राज्यात, तसेच संघीय शिक्षणलाभ घेणाऱ्या माजी सैनिकांना सार्वजनिक कॉलेजांत रहिवासी दर देण्याविषयी संघीय कायदे आहेत. कॅलिफोर्नियाच्या २००१ च्या कायद्याने राज्यातील माध्यमिक शाळेत तीन वर्षे शिकून उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना अरहिवासी शुल्कातून सूट दिली. पुढे या निकषांचा विस्तारही झाला. येथे विद्यार्थ्याच्या पत्त्यापेक्षा त्याच्या शालेय शिक्षणाला महत्त्व आहे.

भारतीय कुटुंबांच्या दृष्टीने

परदेशी नागरिकांच्या बाबतीत व्हिसाचा प्रकार निर्णायक ठरतो. ‘एफ-१’ विद्यार्थी व्हिसाला मायदेशी निवास कायम असणे अपेक्षित असल्याने त्यावर सहसा अधिवास सिद्ध करता येत नाही. ‘एच-१बी’ व्हिसावरील नोकरदारांच्या ‘एच-४’ धारक मुलांना मात्र अनेक राज्यांत रहिवासी दर मिळू शकतो. हे नियम राज्यागणिक बदलतात. वयाच्या २१ व्या वर्षी ‘एच-४’ दर्जा संपतो. त्यानंतर ‘एफ-१’ व्हिसा घेतलेल्या मुलाची गणना परदेशी विद्यार्थ्यांत होऊन त्याचे शुल्क शिक्षण चालू असतानाच वाढू शकते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हा प्रश्न भेडसावतो.

आक्षेप व मर्यादा

सवलतींच्या विरोधकांच्या मते, स्थानिक करदात्यांच्या पैशातून कर न भरणाऱ्यांचे शिक्षण होऊ नये. समर्थक असे दाखवून देतात की सीमावर्ती शहरांत श्रम व व्यापार दोन्ही बाजूंना वाहतात. पलीकडे राहणारा विद्यार्थी अलीकडे नोकरी करतो व खरेदीही करतो. शिवाय वर्गात रिकाम्या जागा असतील, तर कमी दराने आलेला विद्यार्थीही कॉलेजच्या उत्पन्नात भर घालतो.

शुल्कमाफीच्या योजनांनी ही दरी काही ठिकाणी रुंदावली आहे. टेनेसी राज्याच्या ‘टेनेसी प्रॉमिस’ योजनेत (कायदा २०१४) कम्युनिटी कॉलेजचे शिक्षणशुल्क भागवले जाते, परंतु ती केवळ राज्याच्या रहिवाशांसाठी आहे. त्यामुळे सीमेच्या एका बाजूला शिक्षणशुल्क शून्य आणि दुसऱ्या बाजूला परराज्याचा पूर्ण दर अशी स्थिती उद्भवू शकते. सवलतीचे क्षेत्र काउंटी किंवा टपाल क्षेत्राने ठरत असल्याने त्याच्या कडेला पुन्हा नवी सीमा तयार होते आणि तिच्या जेमतेम बाहेर राहणारा विद्यार्थी सवलतीला मुकतो.